पाणी स्वयंपाकघरात जाऊन प्या

नमस्कार श्रोतेहो. नाताळ आता दहा-बारा दिवसांवर आला आहे. आमच्या घरांमधून करंज्यांचं सारण परतल्याचा वास येतोय, आणि केकचं कालवलेलं पीठ डब्यात घालून बायका बेकरीच्या भट्टीवर नंबर लावून बसल्या आहेत. अशा दिवसांत मला आज बोलायचंय ते मंडळीबद्दल. आम्ही ख्रिस्ती लोक मंडळी म्हणतो ते एकत्र उपासना करणाऱ्या माणसांना. इमारत ती चर्च, माणसं ती मंडळी. या मंडळीनं माणसाच्या आत्म्याची काळजी घ्यायची की पोटाची, असा प्रश्न मला बरेच जण विचारतात. आमच्या इंदूरमध्ये तर अगदी शेजारपाजारचेही विचारतात.

प्रभूची प्रार्थना आम्ही लहानपणापासून पाठ म्हणतो. त्यात काय क्रम आहे, तो नीट ऐका. आधी देवाचं नाव पवित्र मानलं जावो, त्याचं राज्य येवो. मग, आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. आणि त्यानंतर, आमच्या पापांची क्षमा कर. म्हणजे भाकर आधी, क्षमा नंतर. प्रभू येशूनं शिष्यांना जी एकच प्रार्थना शिकवली, तिच्या ऐन मध्यावर भाकर ठेवली आहे. भाकर आधी, क्षमा नंतर, आणि दोन्ही एकाच श्वासात.

आता मी तुम्हाला जे सांगणार आहे ते मी पुष्कळदा सांगितलं आहे, आणि तरी दर नाताळला पुन्हा सांगावंसं वाटतं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. आमच्या चर्चच्या दाराशी तेलाचे तीन रिकामे डबे ठेवलेले असायचे. पंधरा किलोचे, वरचा पत्रा कापलेले. एक गव्हाचा, एक ज्वारीचा, एक तांदळाचा. मंडळीतल्या बायका रोज स्वयंपाकाला धान्य काढताना त्यातली एक मूठ बाजूला ठेवायच्या आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी ते इथं आणून ओतायच्या. मूठ धान्य म्हणायचो आम्ही. मिझोरममध्ये तर तिथल्या बायका शंभरावर वर्षांपासून असं मूठमूठ तांदूळ काढत आल्या आहेत, आणि त्यावर त्यांच्या मंडळ्यांची कितीतरी कामं चालली. आमचे तीनच डबे होते, पण भरायचे.

गहू चक्कीवर दळून आणायचा, पाच-पाच किलोच्या पिशव्या करायच्या. पिशव्या जुन्या चादरींच्या, घरी शिवलेल्या. (चक्कीवर दळलेल्या गरम पिठाचा वास ज्यानं घेतला आहे, त्याला पाकिटातलं पीठ गोड लागणार नाही. मुलांना एकदा तरी चक्कीवर उभं करा, पीठ कुठून येतं ते त्यांच्या डोळ्यांना दिसू द्या.)

त्या वर्षी एका मिलला टाळं लागलं होतं. परदेशीपुरा म्हणजे आमच्याकडची गिरणी कामगारांची वस्ती. तिथल्या गल्ल्यांमध्ये दिवसाढवळ्या बाप्ये ओट्यांवर बसलेले दिसायचे. आमच्या चर्चच्या वडीलमंडळींनी, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांनी, यादी केली, काम गेलेल्या घरांची. अशा प्रत्येकाला आम्ही वडील म्हणतो. ख्रिस्ती कोण, हिंदू कोण, हे त्या यादीत लिहिलेलं नव्हतं, आणि तसंच असायला हवं. दहा घरं. दहा पिशव्या. माझ्या वाट्याला एक घर आलं. मी पिशवी सायकलच्या कॅरियरला बांधली आणि निघाले.

ते काका मागावर काम करायचे. खानदेशातले. दारातच बसले होते. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले, आणि मांडीवर जेवणाचा डबा. मी म्हटलं, "काका, चर्चमधून पीठ आणलंय." त्यांनी पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही.

म्हणाले, "पोरी, पीठ आहे घरात. थोरला दुकानावर जातो, आटा आणतो तो. हे दुसऱ्या कुणाला दे."

मी वळले, तर मागून म्हणाले, "तुमच्या त्या पाळकसाहेबांना सांगशील का? सकाळी जरा येऊन बसा म्हणावं. पहिल्या पाळीची वेळ झाली की मला घरात थांबवत नाही."

पाळकसाहेब म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू. मग काकांच्या बायकोनं सांगितलं. मिलचा भोंगा बंद होऊन महिने झाले होते. तरी ते रोज पहाटे उठायचे, आंघोळ करायचे, डबा भरून घ्यायचे आणि दारात येऊन बसायचे. दुपारी तोच डबा तिथंच उघडून जेवायचे. कुणाशी बोलायचे नाहीत. झोप तर गेलीच होती. पिठाची पिशवी त्या घरात काय कामाची?

पिशवी परत कॅरियरला बांधून मी निघाले. वाटेत आमच्या गायनमंडळातल्या एका मावशींचं घर होतं. गाण्यांची वही द्यायची होती म्हणून थांबले. या मावशी दर रविवारी कडक इस्त्रीची सुती साडी नेसून पहिल्या रांगेत उभ्या राहायच्या. आवाज असा, की त्या गायला लागल्या की पेटी मागे पडायची. आमच्या चर्चमध्ये तेव्हा नारायण वामन टिळकांची भजनं टाळ-मृदंगावर म्हणायचे. आता की-बोर्ड आला आहे. मराठी भजन टाळावरच म्हणायला हवं, असं माझं ठाम मत आहे, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

त्या मावशींनी काही महिन्यांपूर्वी प्रार्थनेसाठी विनंती दिली होती, मनाला शांती मिळावी म्हणून. एवढंच. दर रविवारी पाळकसाहेब त्यांच्यासाठी प्रार्थना करायचे आणि आम्ही सगळे आमेन म्हणायचो.

मी पोचले तेव्हा साडेबारा झाले असतील. आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. एक झाली, दुसरी झाली. मावशी म्हणाल्या, "ये, बस. डाळ लावलीय." मी बसले. तिसरी शिट्टी झाली. मला भूक लागली होती, आणि भुकेल्या माणसाचं नाक तिखट असतं. शिट्ट्या होत होत्या, पण वास येत नव्हता. ना डाळीचा, ना भाताचा, ना हळदीचा. नुसती गरम वाफ.

मी म्हटलं, "पाणी घेते हं मावशी," आणि उठले. त्या म्हणाल्या, "थांब, मी आणते." पण मी तोवर आत गेले होते. माठ कुकरच्या शेजारीच होता. कुकरच्या आत काहीतरी खडखडत होतं. रिकाम्या भांड्याचा तो आवाज कुठल्याही बाईला कळतो. मावशींनी गॅस बंद केला. खूप हळू म्हणाल्या, "पलीकडे भिंतीला लागून बिऱ्हाड आहे गं. शिट्टी ऐकू गेली नाही, तर त्यांना कळतं."

त्यांच्या यजमानांचा पगार सहा महिने झाला नव्हता. ते मिलमध्ये नव्हते, म्हणून यादीत नव्हते. सहा वर्षांचा मुलगा कोपऱ्यात पाटी घेऊन बसला होता.

मी बाहेर जाऊन पिशवी आणली. त्या म्हणाल्या, "नको. आमचं नाव नाही यादीत." यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. पिशवी ओट्यावर ठेवली आणि सायकल घेऊन निघाले. पुढच्या रविवारी त्यांनी ती पिशवी परत आणून दिली. धुतलेली, इस्त्री केलेली, चौघडी घातलेली. आणि नेहमीसारख्या गायल्या.

श्रोतेहो, बघा काय झालं होतं. ज्याला सोबत हवी होती त्याच्याकडे आम्ही पीठ पाठवलं, आणि जिला पीठ हवं होतं तिच्यासाठी आम्ही शांती मागत बसलो. दोन्ही मनापासून केलं आणि दोन्ही चुकलं. कारण एकच, आम्ही कुणी उंबरठ्याच्या आत गेलो नव्हतो.

पाळकसाहेबांना मी हे सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी यादी बंद केली. मंडळीतल्या प्रत्येक वडिलाला पाच-पाच घरं नेमून दिली, महिन्यातून एकदा जायचंच, आणि एक नियम घातला. पाणी मागायचं, आणि ते स्वयंपाकघरात जाऊन प्यायचं. दिवाणखान्यात बसून माणूस कळत नाही. पाणी स्वयंपाकघरात जाऊन प्या.

त्या काकांकडे पाळकसाहेब स्वतः जायला लागले. पहाटे, पहिल्या पाळीच्या वेळेला. ओट्यावर शेजारी बसायचे, कोरा चहा प्यायचे. कित्येक दिवस एक शब्दही नाही. मग एके सकाळी काकाच म्हणाले, "तुम्ही म्हणता ती तुमची प्रार्थना, ती म्हणा की." तेव्हा म्हटली. काका शेवटपर्यंत विठोबाचेच राहिले. त्यांनी धर्म बदलावा असं ना कुणी सुचवलं, ना तशी कुणाची इच्छा होती. भाकरीला आणि सोबतीला अट लावायची नसते.

वेळ थोडा उरलाय, म्हणून बाकीचं भराभर सांगते. हे आमच्या चर्चनं शोधून काढलेलं नाही. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आहे, सहाव्या अध्यायात. यरुशलेमेत रोजचं अन्नवाटप व्हायचं, आणि ग्रीक बोलणाऱ्या विधवा त्यातून सुटायच्या. अन्न होतं. त्या कुणाच्या नजरेत येत नव्हत्या. म्हणून सात माणसं नेमली. त्यांतला एक स्तेफन. नेमणूक पंगतीत वाढायची, आणि सातव्या अध्यायात तोच न्यायसभेपुढे उभा राहून वचन सांगतो आणि दगडांखाली मरतो. वाढणारा वेगळा आणि उपदेश करणारा वेगळा, हे एक अध्यायभरही टिकलं नाही.

आपल्या इंदूरमध्येही तेच दिसतं. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी इथं १८७७ मध्ये आले. १८८४ मध्ये डॉक्टर एलिझाबेथ बीटी आल्या, १८८६ मध्ये डॉक्टर मॅरियन ऑलिव्हर. पुरुष डॉक्टरला नाडीही न दाखवणाऱ्या बायकांसाठी त्या काळी बाई डॉक्टर म्हणजे केवढा आधार असेल. १८८७ मध्ये ख्रिश्चन कॉलेज सुरू झालं, तिथं शिकलेले तर तुमच्या-आमच्या घरोघरी निघतील. आणि सिस्टर राणी मारिया. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात शेतमजुरांना बचत शिकवली, सावकाराच्या हातून सोडवलं, आणि त्यासाठीच २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे बसनं येत असताना त्यांना मारलं. त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारणाऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्येच राणी मारियांना धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. बचतीचा हिशेब आणि ही क्षमा एकाच घरातून आली. पुन्हा तेच, भाकर आणि क्षमा.

एक विनंती मात्र करते. या थंडीत घोंगड्या वाटाल, तेव्हा फोटो काढू नका. घेणाऱ्याची मान खाली असते, आणि तो फोटो त्याची मुलंही बघतात.

त्या मावशी आता नाहीत. त्यांचा मुलगा, तो पाटीवाला, आता चाळिशीत आहे, आणि आमच्या मंडळीत वडील म्हणून काम बघतो. त्याच्या पाच घरांमध्ये यंदा माझं घर आलंय. पावसाळ्यात माझी आई गेली. मी एकटीच असते. पेन्शन आहे, कशाची कमी नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

गेल्या आठवड्यात तो आला. मी खुर्ची पुढे केली. तो म्हणाला, "बाई, पाणी घेतो हं," आणि मी उठायच्या आत आत गेला. ओटा कोरडा होता, चार दिवसांची बिस्किटांची रिकामी पाकिटं तिथंच पडलेली. तो काही बोलला नाही, बाहेरही आला नाही. थोड्या वेळानं मला तांदूळ धुतल्याचा आवाज आला.