प्रदक्षिणेच्या वाटेवर चिणलेल्या भिंती

श्रोतेहो, नमस्कार.

आज आपण इटलीच्या सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहरात जाऊ. तिथल्या ऑर्तिजा या छोट्या बेटावर शहराचं कॅथीड्रल आहे. त्याचा दर्शनी भाग अठराव्या शतकातला, नक्षीनं भरलेला. पण समोर थांबू नका, आधी बाजूच्या गल्लीत वळा. तिथे चर्चच्या भिंतीत अर्धेमुर्धे रुतलेले दगडी खांब दिसतात. जाडजूड, उभ्या पन्हळींचे. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये हिमेराच्या लढाईत उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या सत्तेला हरवल्यावर सिराक्यूज या तेव्हाच्या ग्रीक शहराचा सत्ताधीश गेलोन यानं अथेना देवीचं देऊळ उभारलं, त्याचेच हे खांब.

देवळाच्या माथ्यावर देवीची ढाल झळकत असे. बंदरातून निघालेले खलाशी तिच्याकडे पाहत पाहत दूर जात आणि ती दिसेनाशी झाली की मध, धूप, फुलं समुद्राला अर्पण करत. ही हकीकत मला फार आवडते. आपल्या कोळ्यांना ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

पुढे रोमनांनी शहर जिंकलं. सेनापती मार्सेलसनं या देवळाला हात लावला नाही. पण नंतरच्या व्हेरेस नावाच्या सुभेदारानं भिंतींवरची चित्रं नेली, दारांवरचं हस्तिदंती काम काढलं, सोन्याचे वजनदार खिळेसुद्धा उपटून नेले. सिसेरो या रोमन वक्त्यानं त्याच्यावर खटला चालवला, म्हणून हे सगळं आज आपल्याला ठाऊक आहे.

सातव्या शतकात या देवळाचं चर्च झालं. ते कसं झालं, हे नीट ऐका. ग्रीक देवळात मधोमध गाभारा आणि त्याच्या भोवती खांबांची रांग, म्हणजे जणू आपला प्रदक्षिणामार्ग. यज्ञवेदी बाहेर, उघड्यावर. माणसं बाहेर, देवी आत. चर्चमध्ये तर सगळी माणसं आत हवीत! मग कारागिरांनी देऊळ उलटं केलं. बाहेरच्या खांबांमधले गाळे भिंत घालून बुजवले आणि गाभाऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती कोरून प्रत्येकीत आठ आठ कमानी काढल्या. गाभारा झाला सभामंडप, प्रदक्षिणेची वाट झाली बाजूची दालनं. पूर्वेचं दारही पश्चिमेला गेलं.

देवीची मूर्ती गेली, पूजा गेली, हे नुकसान मी लहान मानत नाही. तरीही, वापर चालू राहिला म्हणूनच हे दगड कुणी वाहून नेले नाहीत, असं मला ठामपणे वाटतं. ८७८ मध्ये अरबांनी शहर घेतलं, तेव्हा इथे मशीद झाली. पुढे शहर जिंकणाऱ्या ख्रिस्ती नॉर्मनांनी पुन्हा चर्च केलं. १६९३ च्या भूकंपात दर्शनी भाग कोसळला, पण गेलोनच्या काळातले खांब उभेच राहिले. आत गेलात तर एखाद्या खांबाच्या पन्हळीत बोट ठेवून पाहा. अडीच हजार वर्षांपूर्वीची छिन्नी तिथे फिरली होती.

दरवर्षी १३ डिसेंबरला याच चर्चमधून सांता लुचिया या ख्रिस्ती संत स्त्रीची चांदीची मूर्ती खांद्यावरून मिरवत बाहेर निघते. लुचिया याच शहराची मुलगी. चौक माणसांनी तुडुंब भरलेला असतो, आणि गर्दीतून तिथल्या बोलीत आरोळी उठते: "सिराक्यूजचीच आहे ती!"