अ‍ॅप उठताना बाहेर कुणाच्या दारात जायचं नाही

तर विषय फळ्यावर लिहिलाय तोच, स्प्रिंगमध्ये, म्हणजे जावाच्या फ्रेमवर्कमध्ये, बीन (स्प्रिंग स्वतः बनवून सांभाळतं तो ऑब्जेक्ट) तयार झाल्यावरचं पहिलं काम कुठे लिहायचं. कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट बनतानाच चालणारा कोड, @पोस्टकन्स्ट्रक्ट लावलेली मेथड, @बीनचं इनिटमेथड, की @इव्हेंटलिसनर, म्हणजे ठरावीक घटना घडली की चालणारी मेथड. माझं म्हणणं एकच आहे, अ‍ॅप उठत असताना बाहेर कुणाच्या दारात जायचं नाही. म्हणजे दुसऱ्या सर्व्हरकडे काही मागायला जायचं नाही. झालं, संपलं व्याख्यान. अहो बसा बसा, चहा यायचाय अजून.

@पोस्टकन्स्ट्रक्ट वापरलंय कुणी? बरेच हात. आणि ते नेमकं कधी चालतं? बघा, हात लगेच खाली.

मे महिन्यातली गोष्ट आहे, इथलीच, रत्नागिरीतली. एका बागायतदाराची हापूस विकायची साईट, पोरांनी नाही हो, पैसे घेऊन एका कंपनीने करून दिलेली, नाव नाही घेत, अजून बिल भांडतायत. भाव दाखवणारा एक सर्व्हिस क्लास, आणि त्यात @पोस्टकन्स्ट्रक्ट लावून दुसऱ्या कुठल्यातरी सर्व्हरवरून पेटीचे भाव आणायचे. सहा महिने मस्त चाललं, कारण रिस्टार्ट कुणी केलंच नव्हतं. मग वळवाचा पाऊस, वारा, झाड तारेवर, लाईट गेली ती गेलीच, यूपीएस किती वेळ ओढणार. लाईट आली, मशीन उठली, अ‍ॅप काही उठेना. भाववाला सर्व्हर पलीकडे गप्प, आणि रेस्टटेम्प्लेट, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरला विनंती पाठवणारा स्प्रिंगचा क्लास, साधं न्यू करून घेतलेलं, त्याला टाइमआउट, म्हणजे किती वेळ थांबायचं ती मर्यादा, दिलेलाच नाही, म्हणजे तो बसला वाट बघत. सगळी सिंगलटन (एकच प्रत असलेली) बीन्स तयार झाल्याशिवाय आतला वेब सर्व्हर, टॉमकॅट, पोर्ट उघडत नाही, त्यामुळे भावच काय, ज्यांनी आधीच पैसे भरलेत त्यांना आपली ऑर्डरसुद्धा दिसेना. आंबा पिकतोय, फोन वाजतोय, बागायतदार माझ्या ओटीवर. कंपनीला फोन लावला तर म्हणे तुमच्या कोकणात नेटचा प्रॉब्लेम आहे! नेट चालू होतं हो, मी त्याच नेटवरून बोलत होतो त्यांच्याशी. मी जेडीकेचं, म्हणजे जावाच्या हत्यारपेटीतलं, जेस्टॅक मारून थ्रेड डंप काढला, म्हणजे कुठला थ्रेड कुठे थांबलाय त्याची यादी, मेन थ्रेड सॉकेट रीडवर अडकलेला, त्या मेथडचं नाव समोर. तोच डंप पाठवला. उत्तर अजून यायचंय.

आयोजक घड्याळ दाखवतायत. बरं, धावतो.

क्रम असा: कन्स्ट्रक्टर, मग फील्ड आणि सेटरमधून इंजेक्शन, म्हणजे लागणारी दुसरी बीन्स स्प्रिंग आत देतं ते, मग @पोस्टकन्स्ट्रक्ट, मग आफ्टरप्रॉपर्टीजसेट, शेवटी इनिटमेथड. @ऑटोवायर्ड फील्ड, म्हणजे स्प्रिंगने भरायचं फील्ड, कन्स्ट्रक्टरमध्ये वापरायला जाणं म्हणजे गणपती पाटावर बसायच्या आधी आरती सुरू करणं, नल मिळणार. म्हणून डिपेंडन्सी, म्हणजे ती लागणारी बीन्स, कन्स्ट्रक्टरमधूनच घ्या, निम्म्या वेळा @पोस्टकन्स्ट्रक्टची गरजच उरत नाही.

@पोस्टकन्स्ट्रक्टमध्ये फक्त स्वतःच्या घरातलं काम. सेटिंग तपासा, मॅप भरून ठेवा. सेटिंग चुकीचं असेल तर तिथे एक्सेप्शन फेकाच, अ‍ॅप उठूच नये, ते चांगलंच आहे. पण त्याच बीनच्या @ट्रान्झॅक्शनलवर (डेटाबेसचं काम एकत्र पूर्ण किंवा रद्द करणारं) तिथे भरवसा नको, ते करणारी प्रॉक्सी, म्हणजे बीनभोवतीचं वेष्टण, त्यानंतर बनते. क्लास दुसऱ्याच्या लायब्ररीतला असेल, हात लावता येत नसेल, तर @बीनवर इनिटमेथड द्या. इनिशिअलायझिंगबीन, म्हणजे आफ्टरप्रॉपर्टीजसेट ज्यातून येतं तो इंटरफेस, चालतं, पण तुमचा क्लास उगाच स्प्रिंगला बांधला जातो.

बाहेरचं सगळं, भाव, मेल, कॅशे गरम करणं, ते @इव्हेंटलिसनर लावून अ‍ॅप्लिकेशनरेडीइव्हेंटवर, म्हणजे अ‍ॅप पूर्ण उठून तयार झालं की वाजतो त्या इव्हेंटवर. कॉन्टेक्स्टरिफ्रेश्डवर नको, कॉन्टेक्स्ट म्हणजे बीन्स ठेवायचा डबा, त्याला चाइल्ड कॉन्टेक्स्ट असेल तर तो पुन्हा वाजतो. आणि रेडीवर गेलात म्हणून सुटलात असं नाही, त्या लिसनरमधून एक्सेप्शन बाहेर पडलं तर स्प्रिंग बूट (स्प्रिंगचं अ‍ॅप उभं करून चालवणारा भाग) अ‍ॅप बंदच करतो, तेव्हा ट्राय-कॅच घाला, टाइमआउट द्या. तोवर पोर्ट उघडलेलं असतं, लोक आत आलेले असतात, तर भाव आले नसतील तेव्हा पानावर काय दाखवायचं हे आधीच ठरवा. कालचा भाव दाखवा, खाली तारीख टाका.

हां, मागून विचारतायत, जुना प्रोजेक्ट जावा 11 वर नेला तर @पोस्टकन्स्ट्रक्ट सापडत नाही. बरोबर, 9 मध्ये ते डेप्रिकेट झालं, 11 मध्ये जेडीकेतून काढलं, आता वेगळी लायब्ररी जोडावी लागते. स्प्रिंग बूट 3 वर जाणार असाल तर इम्पोर्टमधल्या पॅकेजचं नाव जावाएक्सचं जकार्ता करून घ्या. बाकीचे प्रश्न चहाच्या टेबलावर, तो आला एकदाचा.