नागपुरात मातीच्या भांड्यातलं जेवण शोधताय? आधी हंडीचं बूड बघा

(टेबलावर दोन मातीच्या हंड्या, दोन्ही पालथ्या. कॅमेरा बुडाशी.)

या दोन हंड्या बघा. हिचं बूड काळवंडलंय, मध्ये राखाडी डाग पडलेत, काठाखाली तेल झिरपून पट्टा उमटलाय. आणि ही दुसरी? कालच कुंभाराकडून आणल्यासारखी लालबुंद. हिच्यात मटण शिजलेलं नाही. ते गंजात, म्हणजे धातूच्या पातेल्यात शिजलं आणि हिच्यात फक्त बसायला आलं.

ऑर्डर दिल्यावर हंडी टेबलावर आली की तुम्हीही एवढंच करायचं. रुमालानं धरून जरा तिरपी करा आणि बूड बघा. लाकडावर शिजवलेली हंडी काळी होते, कोळशावरची राखाडी-पांढुरकी. बूड कोरं असेल तर तुम्ही भांड्याचे पैसे देताय, रांधण्याचे नाही.

आता आधी जायचं कुठं ते ठरवू.

नागपुरात पाटीवरच्या 'हंडी' शब्दावर फार जाऊ नका. चिकन हंडी, पनीर हंडी, व्हेज हंडी ही आता ग्रेव्हीची नावं झालीत, आणि टेबलावर येते ती पितळेची नाहीतर स्टीलची वाटीएवढी हंडी. त्यात फसवणूक काही नाही, शब्दच तसा झालाय. मोबाईलवर शोधताना म्हणून नुसतं 'हंडी' टाकू नका. 'मटका मटण', 'मटका रोटी', 'लंबी रोटी', 'लांब रोटी', 'चंपारण मटण', 'अहुना' (हे चंपारण मटणाचंच दुसरं नाव) हे सगळे शब्द वेगवेगळे टाकून बघा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणांची नावं हिंदीत असतात, त्यामुळे मराठी स्पेलिंगवर काही ठिकाणं सापडतच नाहीत.

ठिकाण सापडलं की मालकानं टाकलेले फोटो सोडा, गिऱ्हाइकांनी टाकलेले बघा. जेवणाचे नव्हे, मागचे. कुठंतरी कोपऱ्यात भट्टी दिसते, कोळशाची शेगडी दिसते, एकावर एक रचलेली मडकी दिसतात. दहा फोटोंत एकदाही विस्तव दिसला नाही तर तो पर्याय खाली ढकला.

मग फोन करा. प्रश्न साधे विचारायचे. "भाऊ, अर्धा किलोची हंडी सांगितली तर किती वेळ लागंल?" उत्तर "पंधरा मिनिटं" आलं तर समजून जा. "सव्वा तास लागंल, आधी सांगून ठेवा" असं आलं तर जागा बघण्यासारखी आहे. दुसरा प्रश्न: कशावर करता, गॅसवर की कोळशावर? तिसरा: अर्धा किलो म्हणजे कच्चं मटण की शिजलेलं? हा विचाराच, कारण शिजल्यावर मटणाचं वजन पाव ते एक तृतीयांश उतरतं. कच्चं अर्धा किलो म्हणजे ताटात साधारण साडेतीनशे ग्रॅम. चौघं जाणार असाल तर हा हिशेब घरूनच करून निघा.

वेळेचा एवढा धोशा का, ते सांगतो. हंडीचं तोंड कणकेनं लिंपलं तरी तो कुकर होत नाही. माती सच्छिद्र, कणीकही कुठंतरी फटकते, आत दाब धरतच नाही. म्हणजे आतलं तापमान पाण्याच्या उकळीएवढंच, १०० अंशांच्या आसपास. कुकरमध्ये ते १२० च्या जवळ जातं. बोकडाच्या मांसातले चिवट पडदे, सांध्याजवळच्या शिरा विरघळायला १०० अंशांवर तास-सव्वा तास लागतोच. बोकड जून असेल तर जास्त. दुसरी गोष्ट, माती उष्णता फार सावकाश पुढं देते. अ‍ॅल्युमिनियम तिच्या शेकडो पट चटकन देतं. म्हणून गंज पटकन तापतो, पटकन लागतो आणि खाली उतरवला की पटकन गारही होतो. हंडी उतरवल्यावरही काही मिनिटं आत रटरटत राहते. टेबलावर येताना हंडी खदखदत असेल तर ती थेट विस्तवावरून आली आहे. मात्र फक्त कडेला बुडबुडे आणि मधला रस्सा कोमट असेल तर रिकामी हंडी तापवून तिच्यात वाढलंय.

बऱ्याच ठिकाणी मधला मार्ग काढतात. मटण सकाळीच कुकरला लावून ठेवायचं, ऑर्डर आली की हंडीत टाकून दहा मिनिटं कोळशावर. बूडही काळं, हंडीही खदखदती. इथं बोटंच कामाची.

(जवळून: एक फोड बोटांनी सोडवताना.)

फोड हातानं सोडवा. कुकरचं मटण हाडावरून सटकन सुटतं, पण धागा दाबला तर आत पांढरा, कोरडा, मसाल्याचा पत्ता नाही. सावकाश शिजलेलं मटण सुटतं तेव्हा धाग्यांमध्ये रस्सा दिसतो आणि अंगठा-तर्जनी एकमेकांना चिकटतात. तो चिकटपणा तेलाचा नाही, विरघळलेल्या शिरांचा आहे. बोटं चिकटली नाहीत तर त्या हंडीला पुन्हा जायची गरज नाही.

चंपारण हंडीबद्दल थोडं. ही बिहारची, आपली नाही. पण मातीच्या भांड्याशी सर्वात इमानदार पदार्थ हाच, कारण तो दुसऱ्या भांड्यात नीट होतच नाही. किलोभर मटणाला अर्धा ते पाऊण किलो कांदा, पाव लिटरच्या आसपास मोहरीचं तेल, अख्खा गरम मसाला, आणि न सोललेले लसणाचे अख्खे गड्डे. तेल तेवढं आधी तापवून घ्यायचं, बाकी सगळं कच्चंच कालवून हंडीत भरायचं, दोन तृतीयांशाच्या वर नाही. झाकणी ठेवून कणकेनं लिंपायची. पाण्याचा थेंब नाही, रस्सा कांद्याला सुटलेल्या पाण्याचा. चमचा घालायचा नाही, मधूनमधून हंडी धरून हलवायची. हेच चुकलं तर बुडाला कांदा लागतो आणि वरपर्यंत करपट वास येतो. खाताना परीक्षा लसणाची: गड्डा दाबला की आतली पाकळी लोण्यासारखी बाहेर आली पाहिजे. पाकळी कडक असेल तर हंडी लवकर उतरवलीय. तेल नाकात चढत असेल तर ते धूर येईपर्यंत तापवून घेतलेलं नाही.

आणि सावजी? गोळीबार चौकात किंवा महालात सावजी खायला जाऊन मातीची हंडी शोधू नका. सावजी गंजात होतो आणि तिथंच शोभतो. त्याची जान भाजलेल्या मसाल्यात आहे, खसखस, खोबरं, दगडफूल, रश्श्याला दाटपणा द्यायला भाजलेली ज्वारी. कुणी 'मटका सावजी' म्हणून विकत असेल तर मटक्याचे पैसे वेगळे लावलेत का तेवढं बघा.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केलाय त्यावर येऊ. नागपुरात मातीच्या भांड्याचा सगळ्यात चांगला पदार्थ मडक्यात होत नाही, मडक्यावर होतो. लांब रोटी. कुणी लंबी रोटी म्हणतं, कुणी मटका रोटी.

(चुलीवर पालथं मडकं, खाली जाळ. आवाज नको, फक्त रोटी टाकताना.)

मडकं चुलीवर पालथं घातलेलं, खाली जाळ. कणीक इतकी सैल की परातीत ठेवली तर पसरते. करणारी बाई गोळा दोन्ही हातांवर घेते, या हातावरून त्या हातावर झोके देत लांबवते, कोपरापर्यंत आली की मडक्याच्या पाठीवर सोडते. पातळ इतकी की पलीकडचं दिसावं.

यातलं अर्ध कसब भिजवण्यात आहे. गव्हाचं पीठ आधी फडक्यातून गाळायचं, वस्त्रगाळ. कोंडा राहिला की तो कणकेचे धागे कापतो आणि रोटी ताणताना मधोमध फाटते. मीठ लागतं, चवीला आणि धागा घट्ट व्हायलाही. पाणी एकदम नाही घालायचं. आधी नेहमीसारखी कणीक भिजवायची, मग पाण्याचे हबके मारत परातीत आपटायची, उचलायची, पुन्हा आपटायची. शेवटी पाणी पिठाच्या वजनाच्या पाऊण पटीच्या पुढंच जातं. अर्धा तास आपटणं झालं, वर तासभर झाकून ठेवली, की ती तुटेनाशी होते, नुसती लोंबते. कंटाळा केला तर पोळी टाकताना भोकं पडतात. ताटातल्या रोटीला बोटाएवढी भोकं दिसली तर दोष जाळाचा नाही, आपटण्याचा.

मडकंच का, लोखंडी कढई पालथी घातली तर? त्यावर रुमाली होते, ती मैद्याची, वेगळी. लोखंड झटकन उष्णता देतं, गव्हाची एवढी पातळ पोळी त्यावर क्षणात कडक होते. माती बेताबेतानं देते आणि पोळीच्या अंगचं पाणीही शोषते, म्हणून ती आधी चिकटते आणि भाजली की आपसूक सुटते. नव्या मडक्यावरच्या पहिल्या दोन-चार पोळ्या चिकटून फाटतातच. काही ठिकाणी त्याच पहिल्या पंगतीला वाढतात. तुमच्या ताटात तशा आल्या तर बदलून मागायला लाजू नका.

लांब रोटीच्या नावाखाली रुमाली देतात का? देतात. ओळखायची कशी: मैद्याची रोटी पांढरीफटक असते आणि गार झाली की रबरासारखी ताणते. गव्हाची पिवळसर, तिला गव्हाचा वास, गार झाली की पापुद्र्यासारखी होते, ताणत नाही, तुटते. म्हणूनच ती चुलीवरून ताटात पाच मिनिटांच्या आत आली पाहिजे. जिथं चूल दिसत नाही आणि टोपलीत रोट्यांची चळत आधीच घडी घालून ठेवलीय, तिथं मटणच खा, रोटी नको. घरून ऑर्डर घेणाऱ्या काकू-मावश्यांकडची रोटी बहुतेक वेळा हॉटेलपेक्षा सरस निघते, पण तिथं आदल्या दिवशी सांगावं लागतं, आणि नग किती ते नेमकं सांगायचं. रोटी मोठी असते, दोनात माणूस आटोपतो.

बिर्याणीचं लवकर आवरतो. मोमिनपुऱ्यातली देगेची, म्हणजे धातूच्या मोठ्या भांड्यातली बिर्याणी ही देगेचीच, ती खायला जा, मटका विसरा. मटका बिर्याणीत बहुतेक ठिकाणी देगेतलाच भात छोट्या मडक्यात भरून वर कणीक लावतात. बुडाचा भात खरवडून बघा. खरपूस, तांबूस, मसाल्यानं ओला असेल तर दम मडक्यातच लागलाय. वरपासून खालपर्यंत एकसारखा मोकळा भात म्हणजे भरलेला.

मटक्यातलं दही मात्र उन्हाळ्यात नक्की मागा. आपली हवा कोरडी, मडक्याच्या अंगावरचं पाणी भराभर उडतं, म्हणून नागपुरात माठ मुंबईपेक्षा कितीतरी गार राहतो. दह्याचंही तेच: पाणी मडकं पितं, दही घट्ट बसतं. चमचा मारला की खड्डा तसाच राहिला पाहिजे, त्यात निवळ साचायला नको. मडकं बाहेरून कोरडं ठणठणीत आणि आत निवळ, तर दही डब्यात लागलंय.

एक गोष्ट फारशी कुणी विचारत नाही. मडकी परत वापरता का, आणि कशानं धुता? परत वापरण्यात वाईट काही नाही, मुरलेली हंडी उलट चांगली. पण साबण लावला की तो छिद्रांत बसतो आणि पुढच्या रश्श्यात उतरतो. गरम पाणी, काथ्या आणि कडक ऊन, एवढंच लागतं. जुनं तेल छिद्रांत राहून खवट झालं तर हंडी जवळ येताच वास येतो, अशी परत पाठवा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये, आठ-आठ दिवस ऊन नसतं तेव्हा, परत वापरातली मडकी आतून वाळत नाहीत, कुबट वास धरतात. त्या दोन महिन्यांत जिथं दर ऑर्डरला नवं मडकं देतात तिथं जा. नव्या मडक्यातल्या रश्श्याला कच्च्या मातीची चव आली तर ते रात्रभर पाण्यात भिजवलेलं नाही. बाहेर पांढरी पुटं दिसली तर घाबरू नका, ते बहुतेक पाण्यातले क्षार असतात. मात्र आतून चकचकीत रंगवलेलं किंवा ओलं बोट फिरवल्यावर लाली सोडणारं भांडं जेवायला नको, त्यात आंबट पदार्थ तर मुळीच नको.

पार्सल नेणार असाल तर हंडी गाडीच्या डिकीत पोत्यावर किंवा जाड फडक्याच्या चुंबळीवर ठेवा, थेट पत्र्यावर नाही. घरी पोचल्यावर ओल्या ओट्यावर टेकवू नका, गरम बुडाला गार पाणी लागलं की सरळ तडा जातो आणि रस्सा ओट्यावर. हंडी पुन्हा तापवायची तर आधी मंद गॅसवर जाळी ठेवून दहा मिनिटं, मग आच वाढवा. लांब रोट्या कागदात न्यायच्या नाहीत, ओलसर सुती फडक्यात गुंडाळून डब्यात, आणि डब्याचं झाकण घरी जाऊनच उघडायचं.