दोन नळकांड्यांचं जहाज

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय ते मालवाहू जहाजांच्या धुराबद्दल. आपल्या स्वयंपाकघरातलं पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून जहाजाने येतं. सूर्यफुलाचं तेल काळ्या समुद्रावरून येतं. आपली तूर कमी पडली की ती पार मोझांबिकहून येते. जगाच्या व्यापारातला ऐंशी टक्क्यांहून अधिक माल असाच समुद्रावरून फिरतो. आणि जगातल्या एकूण हरितगृह वायूंपैकी साधारण ३ टक्के या जहाजांच्या धुराड्यांतून निघतात. २०१८ साली हा आकडा १०७ कोटी टनांच्या वर गेला होता. पुन्हा सांगतो, एका वर्षात १०७ कोटी टन.

हा धूर कोणाच्या खात्यावर मांडायचा? मालक ग्रीक, झेंडा पनामाचा, माल चीनचा, इंजिनरूममध्ये रत्नागिरीचा मुलगा आणि जहाज भर समुद्रात. १९९७ च्या क्योटो करारातही या धुराची वाटणी देशादेशांत झाली नाही. ते काम संयुक्त राष्ट्रांच्या, लंडनमधल्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे सोपवलं गेलं. त्या संघटनेकडे मी शेवटी येणारच आहे. पण त्याआधी मला एक गोष्ट सांगायची आहे. जहाजांचा विषय निघाला की ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

जर्मनीत आंटोन फ्लेटनर नावाचा एक माणूस होता. मुळात शाळामास्तर, गणित आणि पदार्थविज्ञान शिकवणारा. त्याच्या डोक्यात एकच विषय होता, वारा. तेव्हा शिडाची जहाजं मागे पडत चालली होती. शिडं सांभाळायला माणसं फार लागत, वादळात ती वेळेवर उतरवावी लागत, नाहीतर डोलकाठीच मोडायची. फ्लेटनरला शिडं काढून टाकायची होती आणि वारा मात्र ठेवायचा होता.

१९२४ साली कील बंदरातल्या गोदीत ‘बुकाऊ’ नावाचं एक शिडाचं जहाज त्याने घेतलं. त्यावरची शिडं आणि दोर सगळं उतरवलं आणि त्याजागी दोन उंच, गोल, पोकळ नळकांडी उभी केली. प्रत्येकाची उंची १५ मीटर, म्हणजे चार-पाच मजली इमारतीएवढी, आणि रुंदी ३ मीटर. लांबून पाहिलं तर दोन धुराडी, पण धूर नाही. ही नळकांडी स्वतःभोवती फिरायची. ती फिरवायला लहानशी विजेची मोटर पुरत होती, ५० अश्वशक्तीच्या आसपासची. सुकाणूजवळ उभा असलेला एकच माणूस ती चालू, बंद, हळू, जोरात करू शकत होता. दोर ओढणारी फौज नको की डोलकाठीवर चढणं नको.

आता तुम्ही विचाराल, नळकांडं फिरलं म्हणून जहाज पुढे कसं जाईल? क्रिकेट पाहता ना? लेगस्पिनरचा चेंडू टप्पा पडायच्या आधीच हवेत वळतो. चेंडू फिरत असतो, एका बाजूची हवा तो आपल्याबरोबर खेचतो, दुसऱ्या बाजूची अडवतो. दोन बाजूंचा दाब वेगवेगळा पडतो आणि चेंडू एका अंगाला सरकतो. जर्मन शास्त्रज्ञ माग्नुसने हे १९ व्या शतकातच दाखवून दिलं होतं. चेंडूच्या जागी नळकांडं ठेवा. वारा जहाजाच्या कुशीवर आडवा येतो, नळकांडं फिरत असतं आणि जोर मिळतो तो पुढच्या दिशेला. वारा आडवा, जोर पुढे. एवढं लक्षात ठेवा.

फेब्रुवारी १९२५ मध्ये हे जहाज डांझिगहून, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कहून, स्कॉटलंडला निघालं. उत्तर समुद्र, तोही हिवाळ्यातला! वादळं आली, नळकांड्यांनी जराही त्रास दिला नाही. शिडं असताना हेच जहाज वारा जिकडून येतो त्या दिशेच्या ४५ अंशांपेक्षा जवळ जाऊ शकत नव्हतं, नळकांड्यांवर ते २०-३० अंशांपर्यंत गेलं. ज्यांनी कधी शिडाची होडी हाकली असेल त्यांना कळेल ही केवढी मोठी गोष्ट आहे. नंतर त्याचं नाव ‘बाडेन-बाडेन’ ठेवलं आणि ते अटलांटिक ओलांडून मे १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात जाऊन उभं राहिलं.

आणि मग? काहीच नाही. डिझेलचं इंजिन आलं होतं, तेल स्वस्त होतं. स्वस्त तेलापुढे फुकटचा वाराही परवडेना. नळकांडी काढून टाकली गेली आणि १९३१ साली ते जहाज कॅरिबियन समुद्रातल्या वादळात बुडालं. फ्लेटनरचं यंत्र शंभर वर्षांपूर्वी चाललं होतं, श्रोतेहो. ते मोडलं नाही, तेलाच्या भावाने त्याला मारलं.

वाऱ्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आपल्या कोकणाला हे शिकवावं लागत नाही. नारळी पौर्णिमेला नारळ सोडायचा आणि मग समुद्र खुला, ही सगळी वाऱ्याचीच पंचांगं.

तर ती नळकांडी आता परत आली आहेत. २०१८ मध्ये ‘मर्स्क पेलिकन’ या तेलवाहू जहाजावर फिनलंडच्या एका कंपनीने ३० मीटर उंचीची दोन नळकांडी बसवली. वर्षभर मोजमाप झालं आणि ८.२ टक्के इंधन वाचलं. ब्राझीलहून चीनला लोहखनिज नेणाऱ्या एका अजस्र जहाजावर अशी पाच आहेत. माल भरताना ती चक्क आडवी करता येतात. कंटेनर जहाजावर मात्र अवघड. तिथे डेकवर खोके रचलेले असतात, जागाच उरत नाही.

दुसरा उपाय याहून सोपा, जहाज हळू चालवणं. वेग दहा टक्क्यांनी कमी केला की त्याच प्रवासाला जवळपास पाचवा हिस्सा इंधन कमी लागतं. पण अनेक करारांत जहाजाने होता होईल तेवढं लवकर पोचायचं असं लिहिलेलं असतं. म्हणून ती धावत येतात आणि बंदरात जागा नाही म्हणून बाहेर नांगर टाकून बसतात. ही उधळपट्टी थांबवायला नवं यंत्र लागत नाही, करारातली ओळ बदलावी लागते.

आता लंडनकडे. सागरी संघटनेने जुलै २०२३ मध्ये ठरवलं की २०५० च्या सुमाराला जहाजांचं उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं, म्हणजे जेवढं सोडलं जाईल तेवढंच शोषलंही जायला हवं. ते साधायचं तर धुराला किंमत हवी. नाहीतर फ्लेटनरचं जे झालं तेच पुन्हा होणार. एप्रिल २०२५ मध्ये तसा आराखडा मंजूर झाला, ६३ विरुद्ध १६ मतांनी. भारताने बाजूने मत दिलं. ५००० टनांवरच्या जहाजांनी उत्सर्जनाची मर्यादा ओलांडली तर ती किती ओलांडली त्यानुसार जादा उत्सर्जनाच्या दर टनाला १०० किंवा ३८० डॉलर मोजायचे, असा तो हिशेब. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अंतिम मंजुरी व्हायची होती. अमेरिकेने उघड विरोध केला, सौदी अरेबियाने तहकुबी मागितली आणि ५७ विरुद्ध ४९ मतांनी सगळं वर्षभर पुढे ढकललं गेलं.

जमा होणाऱ्या त्या पैशातून खलाशांच्या प्रशिक्षणालाही वाटा मिळायचा होता, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची आहे. उद्याची जहाजं तेलाऐवजी मिथेनॉलवर आणि अमोनियावर चालणार आहेत. अमोनिया विषारी. तो गळला तर इंजिनरूममधल्या माणसाला सावरायला फार वेळ मिळत नाही. तिथे उतरणाऱ्यांत आपल्या दापोली, रत्नागिरी, रायगडची मुलं असणार आहेत. अशी जहाजं बांधायला घेतली आहेत. प्रशिक्षणाचा पैसा त्या मतदानात अडकला आहे.

नमस्कार.