झगा उतरवणारा मित्र

बंधुभगिनींनो, ख्रिस्ती जीवनातील मैत्रीचा विषय निघाला की योहानाच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायातले वचन आधी आठवते: मित्रांसाठी आपला प्राण द्यावा, याहून मोठी प्रीती नाही. हे वचन इतके उंचावर आहे की आपण त्यापुढे हात जोडतो आणि पुढे निघतो, कारण मित्रासाठी मरण्याची वेळ आपल्यापैकी बहुतेकांवर येतच नाही. मला वाटते, आपली चूक इथेच होते. मूळ ग्रीकमध्ये प्राण देण्यासाठी जे क्रियापद आले आहे त्याचा साधा अर्थ ‘ठेवणे’ असा आहे, आणि शेवटच्या भोजनाच्या त्याच रात्रीची हकीकत सांगताना योहानाने ते दोन अध्याय आधीच वापरले आहे. येशू भोजनावरून उठला, त्याने आपली वस्त्रे काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला आणि तो शिष्यांचे पाय धुऊ लागला. त्यांत त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय होते. प्राण ठेवण्याआधी त्याने वस्त्रे ठेवली, आणि तेवढे तर कोणालाही करता येते.

जुन्या करारात हेच शौल राजाचा मुलगा योनाथान याने केले. गल्याथाला मारून आलेल्या दावीद नावाच्या मेंढपाळ पोराला राजपुत्राने आपल्या अंगातला झगा काढून दिला, तलवार दिली, धनुष्य आणि कमरबंदही दिला. त्याआधीच्या एका लढाईत इस्राएलाच्या सैन्यात शौल आणि योनाथान या दोघांखेरीज कोणाजवळही तलवार नव्हती, असे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात नोंदले आहे. ते ध्यानात घेतले म्हणजे या देण्याचे मोल कळते. शिवाय राजपुत्राचा झगा म्हणजे सिंहासनावरचा हक्क. हा दावीद जिवंत आहे तोवर तुझे राज्य स्थिर व्हायचे नाही, असे बापाने पुढे संतापून सांगितले, पण योनाथानाने तो हक्क केव्हाच उतरवून दिला होता.

तरीही मला झग्यापेक्षा जीफच्या रानातली भेट मोठी वाटते. शौल दावीदाच्या जिवावर उठला होता आणि दावीद रानावनांत लपत फिरत होता. अशा वेळी योनाथान त्याच्याकडे गेला आणि त्याने ‘देवाच्या ठायी त्याचा हात बळकट केला’. त्याने सैन्य नेले नाही, सुटकेची युक्तीही सुचवली नाही. भिऊ नको, तू राजा होशील आणि मी तुझ्या खालोखाल असेन, एवढेच तो बोलला. मित्राला आपल्या आधाराला न बांधता देवाच्या आधारावर उभे करणे, हे मला ख्रिस्ती मैत्रीचे खरे काम वाटते.

अनेसिफराचे नाव तर पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात येते तेवढेच. पौल रोममध्ये कैदेत होता, आशिया नावाच्या रोमी प्रांतातल्या साऱ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती, आणि या माणसाने त्याला कसून शोधून काढले. त्याला माझ्या बेडीची लाज वाटली नाही, असे पौल लिहितो. कैद्याचा पत्ता विचारत फिरणे म्हणजे स्वतःचे नाव त्याच्या नावाशी जोडून घेणे. अनेसिफराने आपली अब्रूच उतरवून ठेवली.

मी दीर्घ आजारात असताना एक मित्र येई. खुर्ची पलंगाजवळ ओढण्याआधी तो मनगटावरचे घड्याळ काढून खिशात टाकत असे. त्याने त्याविषयी कधी अवाक्षर काढले नाही, पण आता याला जायची घाई नाही, हे मला तेवढ्यावरून कळायचे.

अशी मैत्री दुखावलीही जाते. अथेन्समध्ये एकत्र शिकलेले चौथ्या शतकातले धर्मपंडित बासिल आणि ग्रेगरी हे दोन देहांत एक जीव असल्यासारखे होते, असे ग्रेगरीनेच म्हटले आहे. पण इ.स. 372 च्या सुमारास बासिलने चर्चमधल्या वादात आपली बाजू भक्कम करण्यासाठी त्याला सासिमा नावाच्या आडगावाचा बिशप केले, आणि ती सल ग्रेगरीच्या मनातून कधी गेली नाही. बासिलच्या मृत्यूनंतर केलेल्या गौरवपर भाषणात त्याने ती बोलूनही दाखवली, आणि त्याच भाषणात मित्राची थोरवीही भरभरून गायिली. एकनिष्ठेत सत्याला जागा असते, ती अशी.

योनाथान गिलबोवाच्या डोंगरावर लढाईत बापाबरोबर पडला. खालोखालची जागा त्याला लाभलीच नाही. पुढे राजा झालेल्या दावीदाने विचारले, योनाथानाखातर मी दया करावी असे शौलाच्या घराण्यात कोणी उरले आहे काय? तेव्हा दोन्ही पायांनी लंगडा असलेला योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ याला शोधून आणण्यात आले, आणि त्या दिवसापासून तो राजाच्या पंक्तीला जेवू लागला.