'इंटरेस्टिंग' म्हणजे नाही

नमस्कार मंडळी. कॅनडात नव्याने आलेल्यांना इथल्या ऑफिसातल्या रीतीभाती सांगा, असा समितीचा आदेश आहे. वेळेवर पोचावं, साहेबाला 'सर' न म्हणता नावाने हाक मारावी, हे तुम्ही पहिल्या आठवड्यातच शिकता. मी आपला माझ्या फजितीबद्दल बोलतो.

2011 साली मिसिसागात नोकरीला लागलो. महिन्याभरातच गोदामात माल लावायची नवी पद्धत सुचवली. मॅनेजरबाई म्हणाल्या, "दॅट्स इंटरेस्टिंग." झालं! शनिवार-रविवार खपून मी 32 स्लाइड्स केल्या. सोमवारी त्या कुणी उघडल्यासुद्धा नाहीत. स्थळाकडून 'बघू, कळवतो' असं आलं की आपण काय ते समजतो. हेही तेच होतं, पण इंग्रजीत आलं आणि मी खूश झालो.

पुढची फजिती 'सॉरी'ची. एका पुरवठादाराचा माल आठ दिवस उशिरा आला. फोनवर तो तीनदा सॉरी म्हणाला, आणि मी लगेच बिलातून पैसे कापायला निघालो: तुम्हीच तर चूक कबूल केलीत! तो गप्पच झाला. ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याने मला कॉफीला नेऊन समजावलं की इथे सॉरी म्हणजे कबुली नव्हे, तसा कायदाच आहे. मला वाटलं, गडी थट्टा करतोय. पण खरंच आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2006 मध्ये आणि आपल्या ऑन्टारियोने 2009 मध्ये 'अपॉलॉजी अ‍ॅक्ट' केला. दिवाणी दाव्यात नुसती माफी हा चूक मान्य केल्याचा पुरावा धरत नाहीत. त्यामागचा विचार साधा: खटल्याच्या भीतीने, समजा, डॉक्टरांनी रुग्णाची साधी माफीही मागू नये, हे काही बरं नाही ना! माल उशिरा का आला? बर्फाच्या वादळात ट्रक अडकला होता. मी ते विचारलंच नव्हतं.

फ्रेंच बोलणाऱ्या मॉन्ट्रियलला फोन लावाल तेव्हा सुरुवात 'बोंझूर'ने करा, मग इंग्रजीत बोललात तरी बहुतेक चालतं. फ्रेंच येत असेल तर अनोळखी माणसाला 'व्हू' म्हणायचं, 'त्यू' नाही. अहो-जाहो, अरे-तुरे घरातच शिकलेल्या आपल्याला हे इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा लवकर जमतं. न्यूफाउंडलंडचं घड्याळ टोरांटोच्या दीड तास पुढे. अर्ध्या तासाचं गणित आपल्याला पुण्याला फोन करून करून पाठच आहे. आणि सहकाऱ्याच्या घरी जाल तेव्हा बूट दारातच काढा. मोजे तेवढे धड असू द्या.

स्पष्ट नकार इथे मिळतच नाही असं नाही, तो ईमेलमध्ये असतो. पहिला परिच्छेद तुमच्या मेहनतीचं कौतुक करतो, दुसरा 'हाउएव्हर'ने सुरू होतो. मी आता पहिला परिच्छेद वाचतच नाही, थेट 'हाउएव्हर' शोधतो. सापडला नाही, तर मात्र पुन्हा पहिल्यापासून, सावकाश वाचतो.