बटाट्याच्या बेण्यावर कोटीचा दावा

मंडळी, बियाण्यांच्या हक्काचा विषय निघाला की अमेरिका, कॅनडाचे खटले सांगितले जातात. मी गुजरातचा सांगणार आहे, कारण तिथे आपलाच कायदा पणाला लागला होता.

एप्रिल 2019. साबरकांठा भागातल्या चार बटाटा उत्पादकांवर, आमच्या नावावर नोंदलेला वाण परवानगीशिवाय लावला म्हणून, पेप्सिको कंपनीने अहमदाबादच्या व्यापारी न्यायालयात दावे लावले. नुकसानभरपाई मागितली प्रत्येकी 1 कोटी 5 लाख. तीन-चार एकरवाल्या माणसाकडून! न्यायालयाने एकतर्फी मनाई हुकूमही दिला. शेतकऱ्याचं म्हणणं ऐकण्याआधीच.

वाण होता एफसी-5, वेफर्सचा. नेहमीच्या बटाट्यात 85 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, यात 80. कंपनी करार करून बेणं देते आणि माल परत घेते. पण बटाट्याचं बेणं म्हणजे बटाटाच. घरात ठेवलेल्याला डोळे फुटले की फोडी करून लावायचा. शेजाऱ्याने मागितला तर आपण देतो, पिढ्यान्‌पिढ्या देत आलो आहोत. तो कुठून कुठे गेला याची वही कोणी ठेवत नाही.

आता कायदा नीट ऐका. आपल्याकडे बियाण्यावर पेटंट मिळतच नाही, पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमानेच ते नाकारलं आहे. त्याऐवजी 2001 चा वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा आहे. त्यात कंपनीला वाणाची नोंदणी मिळते, एफसी-5 ची 2016 साली झाली. पण त्याच कायद्याचं 39 वं कलम म्हणतं, नोंदणी झालेल्या वाणाचंही बियाणं शेतकरी राखू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो, विकूही शकतो. मनाई एकच: ब्रँडच्या नावाने, पाकिटावर छाप मारून विकायचं नाही. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना कोटीचे दावे लागले, याचा मला आजही संताप येतो.

सुनावणीत कंपनीने तडजोड मांडली: आमचंच बेणं घ्या आणि माल आम्हालाच द्या, नाहीतर हा वाण लावणार नाही असं लिहून द्या. शेतकरी संघटना उभ्या राहिल्या, लोकसभेची निवडणूक चालू होती, आणि मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले. म्हणजे 39 व्या कलमावर निकाल लागलाच नाही. हीच खरी अडचण आहे.

पुढे शेतकरी हक्कांच्या कार्यकर्त्या कविता कुरुगंटी यांच्या अर्जावर, वाणांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाने डिसेंबर 2021 मध्ये एफसी-5 ची नोंदणीच रद्द केली. कंपनीच्या नोंदणी अर्जातली माहिती चुकीची होती, आधीच विक्रीत असलेल्या वाणाची ‘नवा वाण’ म्हणून नोंद मागितली होती. 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी ते कायम ठेवलं, पण जानेवारी 2024 मध्ये खंडपीठाने फिरवलं. नोंदणी कंपनीकडे परत गेली. तरीही 39 वं कलम जसंच्या तसं आहे, कारण ते नोंदणी असलेल्या वाणालाही लागू होतं.

म्हणून सातारा, पुण्याकडच्या बटाटेवाल्यांना सांगतो: नोटीस आली तर घाबरून हमीपत्रावर सही करू नका. वकिलाला 39 आणि 42 ही दोन्ही कलमं दाखवा. वाणावर कोणाचा हक्क आहे हे ज्या शेतकऱ्याला ठाऊकच नव्हतं, त्याने हक्कभंग केला असं मानायचं नाही, असं 42 वं कलम सांगतं. कंपनीशी करार केला असेल तर मात्र त्यातल्या अटी आधी वकिलाकडून वाचून घ्या.